चौदा चोऱ्यांचं बेट

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलो एकदाचा. तीन तास बोट, त्यातले अडीच तास मी काठाला धरून ओणवा. धक्क्यावर मोठी पाटी आहे : ‘भूतलावरच्या स्वर्गात आपलं स्वागत’. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. बोटीत मी निम्मा मेलोच होतो, त्यामुळे पाटी खरी वाटली.

चौकी म्हणजे पुढे एक खोली. टेबल, लोखंडी खाट, वेताची खुर्ची, गुन्ह्यांची नोंदवही. मधलं दार ओलांडलं की मागच्या दोन खोल्यांत जुन्या साहेबांच्या पत्नी राहतात. मी त्यांना वहिनी म्हणायचं ठरवलंय. त्यांनी चहा दिला, प्रवासात त्रास झाला का विचारलं, मग म्हणाल्या, “आणि पाठीला?” मी म्हटलं, पाठीला काही नाही. बोटीतली फळी टणक आहे, म्हणून विचारलं असेल. इतकी काळजी करणारी माणसं हल्ली कुठे मिळतात.

कामाचं लिहून ठेवतो. अकरा महिन्यांपूर्वी जुने साहेब चोरीच्या तपासाला चौकीची होडी घेऊन एकटेच समुद्रात गेले. होडी उलटी सापडली, ते सापडलेच नाहीत. मुख्य कचेरीला माझा अहवाल ४ मार्चच्या बोटीने हवा : अपघात की घातपात, आणि घातपात असेल तर कुणाचा. वहिनींचा भाऊ त्यांना न्यायला दोनदा येऊन गेला, पण अहवाल झाल्याशिवाय त्या बेट सोडणार नाहीत. म्हणजे त्यांचे पती कुणामुळे गेले, हे शेवटी मलाच त्यांच्या तोंडावर सांगायचं आहे. या कामाला मी किती लायक आहे ते माझं मला माहीत.

६ फेब्रुवारी

नोंदवही वाचली आणि जेवण गेलं नाही. जुन्या साहेबांनी चौदा महिन्यांत चौदा चोऱ्या नोंदल्या आहेत, दर महिन्याला एक, अगदी नेमाने. न्हाव्याचा वस्तरा, पाहुणेघराच्या मालकिणीची बकरी, शाळेची घंटा, एका म्हातारीचा चष्मा. पहिल्या तेरा वस्तू दोन दिवसांच्या आत मिळाल्या. बकरी तर शाळेच्या संडासात बांधलेली सापडली, पुढ्यात चारा आणि घमेलंभर पाणी. तपासाची भाषा काय जोरदार! ‘संशयाची सुई फिरत फिरत वाळूतल्या लेंड्यांपाशी थांबली.’ चोर मात्र एकदाही हाती लागला नाही. बहुधा टोळी असावी.

चौदावी चोरी नावाड्याच्या छोट्या होडीची. तिच्यापुढे ‘तपास चालू’ एवढंच आहे.

बावीस वर्षांच्या नोकरीत मी दोन सायकली शोधल्या, त्यातली एक माझीच होती. असल्या माणसाच्या खुर्चीत बसायचं म्हणजे चेष्टा नाही. वहिनींच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, पण खाऱ्या हवेने पांढरा पडलाय. टोपी तेवढी दिसते. मला वाटतं ते उंच असणार. भरघोस मिशा, करडी नजर. कामचुकार माणूस त्यांना खपत नसणार.

७ फेब्रुवारी

खुर्ची मी टेबलाकडे तोंड करून ठेवली होती. दुपारी फेरी मारून आलो तर ती खिडकीशी, समुद्राकडे वळलेली. वारा असेल म्हणून पुन्हा जागेवर आणली.

८ फेब्रुवारी

पुन्हा तेच. या वेळी मी बसून पाहिलं. वेत गरम होता.

मी भित्रा नाही. म्हणजे आहे, पण इतका नाही. तरी उठलो आणि उरलेलं काम खाटेवर बसून केलं. पाठीमागे कुणीतरी उंच माणूस उभा आहे आणि माझं अक्षर वाचतोय, असं सारखं वाटत होतं.

१२ फेब्रुवारी

हे बेट सुंदर आहे हे लिहायचं राहूनच गेलं. पाणी असं निळं की खोटं वाटावं, माड झुकलेले, वाळू पांढरीशुभ्र. पाहुणेघरातले प्रवासी त्यात लोळत असतात. बेटावरची माणसं मात्र मी दिसलो की आवाज खाली आणतात. न्हावी माझी दाढी करत होता तर त्याचा हात इतका कापत होता की मीच देवाचं नाव घेतलं. मी सहज विचारलं, “जुने साहेब इथेच यायचे का हो?” त्याने वस्तरा ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेला. मी अर्ध्या दाढीने घरी आलो.

ओसरीवर ओली पावलं होती. समुद्राकडून आलेली, चौकीच्या दारात संपलेली. पावलं लहान होती, याचीच मला जास्त भीती वाटली. उंच माणसाची पावलं इतकी लहान कशी? पाण्यात इतके दिवस राहून माणूस आक्रसत असेल का? वहिनींना विचारणार होतो, पण त्या नुकत्याच वाळूतून फिरून आल्या होत्या, दमल्यासारख्या दिसल्या. उगीच त्यांना कशाला घाबरवा.

१३ फेब्रुवारी

पहिला कबुलीजबाब!

पाहुणेघराची मालकीण आली. जाडजूड बाई, दारातून आडवी होऊन आत आली आणि हात पुढे करून म्हणाली, “बेड्या घाला. मी मारलं त्यांना.”

बेड्या कुठे ठेवल्यात ते मलाच आठवेना. मी तिला पाणी दिलं. ती रडत म्हणाली, “त्या सकाळी ते माझ्या दारावरून गेले. मला विचारलं, मावशी, समुद्र कसा आहे? मी खाली वाकून भांडी घासत होते. मान वरसुद्धा केली नाही. म्हटलं, ताटासारखा सपाट आहे, जा. एकदा मान वर केली असती तर दिसले असते ढग.”

मी म्हटलं, “बाई, हा काही गुन्हा नाही.”

“मग काय आहे?” तिने विचारलं.

१७ फेब्रुवारी

आज मास्तर आले. वाळकुडे, टापटिपीचे, खिशाला दोन पेनं. त्यांनी टेबलावर एक कागद उलगडला. वर नीटस अक्षरात ‘चोऱ्यांच्या पाळ्या’, खाली महिने आणि त्यापुढे घरांची नावं.

माझं डोकं फिरायचं तेवढं बाकी होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

झालं असं. जुने साहेब इथे येऊन वर्ष होत आलं तरी बेटावर एक गुन्हा नाही. मुख्य कचेरीचं पत्र आलं की वर्षभरात एकही नोंद नसेल तर चौकी बंद. ते पत्र साहेबांनी न्हाव्याच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचलं. न्हाव्याच्या दुकानात वाचलं म्हणजे दवंडीच पिटली. “आम्हाला तो माणूस हवा होता,” मास्तर म्हणाले. “सगळ्यांच्या उपयोगी पडायचे. म्हणून ठरवलं, गुन्हेच पाहिजेत ना? करू. आळीपाळीने करू, म्हणजे एकावर भार नको.”

“म्हणजे चौदाच्या चौदा चोऱ्या खोट्या?”

“वस्तू खऱ्या होत्या,” मास्तर जरा दुखावल्यासारखे म्हणाले. “आणि नियम होते. वस्तू जिवंत असेल तर तिच्या खाण्यापिण्याची सोय. म्हाताऱ्या माणसांकडे पळापळीचं काम द्यायचं नाही. लपवलेली वस्तू बेटाबाहेर न्यायची नाही. हा नियम लिहिला मी, पण चौदाव्या वेळी नावाडी म्हणाला की बेटावरच्या सगळ्या जागा वापरून झाल्या, समुद्रातल्या पांढऱ्या खडकामागे ठेवू का? आणि मी ठेव म्हणालो. नियम करणारा मी, मोडायची परवानगी देणारा मी. लिहून घ्या, गुन्हेगार मी.”

जाताना दारात थांबून म्हणाले, “त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही हो. किती आनंदाने शोधायचे! त्यांच्या आनंदाचीच मला भीती वाटते आता.”

आज खुर्ची मी मुद्दामच खिडकीपाशी नेऊन ठेवली. बसा म्हटलं, साहेब. तुमच्यापुढे बसायची माझी प्राज्ञा नाही.

१८ फेब्रुवारी

नावाडी. अंगापिंडाने आडदांड आणि आवाज मांजरासारखा. होडी त्याची, ती पांढऱ्या खडकामागे नेऊन बांधली त्याने. साहेबांना सुगावा लागावा म्हणून खडकाच्या दिशेने किनाऱ्यावरच्या दगडांवर वल्ह्याच्या रंगाचे ठिपके टाकत गेला. चार दिवस तयारी करत होता. साहेब निघाले त्या दिवशी मंगळवार, हा मोठी बोट घेऊन शहरात. “मी असतो तर जाऊ दिलं नसतं, साहेब. मला वारं कळतं.”

रडला नाही. मग म्हणाला, “दर मंगळवारी त्या खडकावरून जातो मी. एकदाही तिकडे बघितलेलं नाही.”

१९ फेब्रुवारी

आज सहा जण. कुणी टोपी नीट बसवून दिली म्हणून, कुणी हात हलवून निरोप दिला म्हणून. एक आजोबा म्हणाले, मला पोहता येतं आणि मी झोपलो होतो. एकूण नऊ गुन्हेगार झाले. तपासात गुन्हेगार सापडत नाही हे माहीत होतं, पण इतके सापडले तर काय करायचं हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. मी सगळ्यांना एकच सांगतो : तुमचा काय दोष. ते मान हलवतात आणि इथून निघून मागच्या दाराने वहिनींकडे जातात. मधल्या दारातून कपबशांचा आवाज येतो.

२१ फेब्रुवारी

वहिनींना ताप आहे. दिवसभर पडून होत्या. मी भात मऊ शिजवून नेला तर उठून बसल्या आणि मीठ कमी असूनही सगळा खाल्ला.

नवल म्हणजे आज मी खुर्ची टेबलाशी ठेवली तरी ती जागची हलली नाही. ओसरीही कोरडी. साहेबांनाही वहिनींची काळजी वाटत असणार, त्यांच्याच उशाशी बसले असतील. या विचाराने मला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

२४ फेब्रुवारी

शेवटी न्हावी आला. मी त्याला खुर्ची दिली तर जमिनीवर बसला.

“साहेब, यादी बघितलीत ना? त्या महिन्याला नाव कुणाचं होतं?”

मी कागद काढला. त्या महिन्यापुढे न्हाव्याचं नाव, त्यावर काट आणि बाजूला नावाडी.

“पाळी माझी होती,” तो म्हणाला. “मी कैची लपवणार होतो, माझ्याच दुकानातल्या फळीमागे. पाच मिनिटांचं काम. पण मला चष्मा करायला शहरात जायचं होतं. मग नावाड्याला म्हटलं, या महिन्यात तू कर, पुढचा मी करतो. बदलून घेतली पाळी. नुसतं एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं. कैची चोरीला गेली असती तर कुणी समुद्रात गेलं असतं का?”

मी ठरलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तुमचा काय दोष. शब्द फुटेना. शेवटी न्हाव्यानेच उठून मला पाणी दिलं.

तो गेल्यावर खोलीत बसवेना. मागे कुणीतरी उभं होतंच. वळून बघायची हिंमत झाली नाही.

२५ फेब्रुवारी

ही वही कुणी वाचत नाही. मग इथे तरी का लपवू?

या बेटावरची नेमणूक आधी माझी होती. हुकूम निघाला होता, माझं नाव टाइप झालं होतं. मला बोट नको होती, समुद्र नको होता, शहरातला पंखा आणि ओळखीचा चहावाला सोडायचा नव्हता. ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला घेतला : पाठीचं दुखणं, प्रवासास अपात्र. माझी पाठ तेव्हाही ठणठणीत होती, आत्ताही आहे. कारकुनाने माझं नाव खोडून दुसरं लिहिलं. कुणाचं लिहिलं ते मी वाचलंही नाही. हे बेट, हा अपघात असं दोन वर्षांनी वर्तमानपत्रात आलं तेव्हा वाचलं.

म्हणून या वेळी हुकूम आल्यावर मुकाट्याने बोटीत बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर अकरा महिने दिवस मावळलाच नाही. तो उंच माणूस मला का दिसतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लिहिलं नव्हतं, एवढंच.

१ मार्च

अहवाल सहा वेळा लिहिला. ‘अपघात’ लिहितो तेव्हा अकरा तोंडं समोर येतात, अकरावं माझं. ‘घातपात’ लिहिलं तर सगळं बेट तुरुंगात घालावं लागेल आणि त्यांना कोंडायला इथे खोली एकच.

वहिनींना सांगितल्याशिवाय अहवाल पाठवणं म्हणजे त्यांच्या घरात राहून त्यांचा विश्वासघात करणं. पण सांगितलं तर त्या मला कुठल्या तोंडाने चहा देतील?

३ मार्च

सांगितलं.

सकाळी वहिनी परसात कपडे वाळत घालत होत्या. मी दोरीच्या अलीकडे उभा राहिलो. मध्ये ओली चादर होती, त्यामुळे धीर आला. सगळं बोललो. हुकूम, डॉक्टर, दाखला. “त्यांच्या जागी मी असायला हवा होतो,” असंही म्हणालो.

चादरीपलीकडून आवाज आला, “माहीत आहे मला. तुमचं नाव त्या हुकमावर खोडलेलं दिसत होतं. तुम्ही आलात त्याच दिवशी ओळखलं.”

मला पाठीचा प्रश्न आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्या चादर बाजूला करून पुढे आल्या. रागावलेल्या होत्या, पण मला वाटलं होतं तशा नाही. “तुम्ही अकरावे,” त्या म्हणाल्या. “दहा जण माझ्या स्वयंपाकघरात बसून रडून गेलेत. मी चहा करते, डोक्यावरून हात फिरवते, म्हणते तुमचा काय दोष. अकरा महिने मी या बेटाची समजूत काढतेय. नवरा माझा गेला ना हो? जो तो येतो तो ‘मी’ ‘मी’ करतो. एकाने तरी विचारावं, वहिनी, ते कसे होते?”

मी विचारलं, “वहिनी, कसे होते ते?”

त्या तिथेच पायरीवर बसल्या. मीही बसलो. दुपार उलटेपर्यंत त्या बोलत होत्या.

ते बुटके होते. माझ्या खांद्याला लागले असते. मिशा नव्हत्या, येतच नव्हत्या. आंघोळ करताना गाणं म्हणायचे, पण प्रत्येक गाण्याची पहिलीच ओळ, पुढची पाठ नसायची. खेकड्यांना घाबरायचे आणि त्यासाठी वाळूत काठी आपटत चालायचे. पत्त्यांत लबाडी करायचे, ती हरण्यासाठी. बेटाचा हुकूम मिळाला तेव्हा घरभर नाचले होते. म्हणाले, कुणाची तरी पाठ दुखली आणि आपलं नशीब उघडलं. त्या माणसाला आभाराचं पत्र लिहायचं म्हणत होते, पत्ता नव्हता.

इथे मी तोंड झाकून घेतलं. वहिनी थांबल्या, मग पुढे सांगू लागल्या. या वेळी त्यांनी माझी समजूत काढली नाही, ते बरं केलं.

“आणि चोऱ्या?” मी विचारलं.

वहिनी हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा. “बकरीच्या वेळीच कळलं त्यांना. म्हणाले, अगं, चोर कधी बकरीला पाणी ठेवतो का? पण बोलायचं नाही म्हणाले. इतकी माणसं आपल्यासाठी खपतायत, त्यांची मजा कशाला घालवा. घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसायचे. ती नोंदवही आम्ही दोघं मिळून लिहायचो. लेंड्यांचं वाक्य माझं आहे.”

“म्हणजे त्या दिवशीही…”

“होडी खडकामागे आहे हे माहीत होतं. मी म्हटलं, वारं बरं नाही, उद्या जा. तर म्हणाले, तो चार दिवस राबलाय. संध्याकाळी शहरातून परत येईल, होडी धक्क्यावर दिसली नाही तर हिरमोड होईल बिचाऱ्याचा.” मग दोरीवरच्या चादरीकडे बघत म्हणाल्या, “मी हट्ट धरला असता तर थांबले असते. मी हसले आणि डबा दिला हातात. लिहा तुमच्या यादीत, बारावी मी.”

मी काही लिहिलं नाही.

“हे कुणाला सांगू नका,” त्या उठताना म्हणाल्या. “त्यांना कळलं होतं आणि तरी ते मन राखायला गेले, हे नावाड्याला समजलं तर तो एक दिवस त्या खडकावर जाईल आणि परत यायचा नाही.”

ज्याला मी महिनाभर घाबरत होतो तो माणूस कधी नव्हताच. जो होता त्याला भेटायची संधी मी दाखला देऊन घालवली. आज मला त्यांची भीती वाटत नाही. त्यांची आठवण येते, आणि मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

४ मार्च, मंगळवार

अहवालात एक शब्द लिहिला, ‘अपघात’, आणि टपालाच्या पिशवीत टाकला. वहिनी आजच्या बोटीने भावाकडे निघाल्या. धक्क्यावर सगळं बेट आलं होतं. मालकीण हुंदके देत होती, न्हावी त्या चष्म्याच्या काचा पुसत होता. त्या प्रत्येकापाशी थांबून काहीतरी बोलल्या आणि बोटीत जाऊन बसल्या.

नावाड्याने दोर सोडला. सोडला आणि हातात तसाच धरून माझ्याकडे आला.

“साहेब, तुम्ही सगळा तपास केलात. एकच सांगा. त्यांना कळलं होतं का हो? आम्ही खोटं खोटं करत होतो ते?”

लाटांचा आवाज होता, तरी वहिनींना ऐकू जात होतं. त्यांनी मान वळवली नाही, पण पिशवीवरचा त्यांचा हात थांबला.

“नाही,” मी म्हटलं. “अजिबात कळलं नव्हतं. खरी चोरी समजूनच गेले.”

नोकरीतली ही माझी दुसरी खोटी साक्ष. पहिली माझ्या पाठीची.

नावाड्याने केवढा तरी मोठा श्वास सोडला. डोळे पुसत म्हणाला, “वाटलंच मला. भोळा माणूस हो, फार भोळा.” मग बोटीत उडी मारून इंजिनापाशी गेला. वहिनींनी पदर खोचला, पिशवी पायाशी सरकवली आणि त्याला म्हणाल्या, “चला, वारं पडलंय तोवर निघू.”